मशीनच्या हाती बोर्ड देताना

हाताने सोल्डर केलेल्या बोर्डाचं एक बरं असतं: निम्मी माहिती बनवणाऱ्याच्या डोक्यात राहिली तरी बोर्ड चालतो. डायोड कुठल्या बाजूने लावायचा, कुठला कपॅसिटर कुठल्या डब्यातून घ्यायचा, कनेक्टरची कुठली पिन मोकळी सोडायची, हे मला ठाऊक होतं आणि सोल्डरिंग आयर्नही माझ्याच हातात होतं. आमचा पंप कंट्रोलर असाच सुरू झाला. मुंबईतल्या बहुतेक इमारतींत महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवतात. पंप वेळेवर बंद झाला नाही की गच्चीतून पाणी धो धो खाली, आणि खालची टाकी रिकामी असताना चालू राहिला की मोटरचे बारा वाजले. माझा मावसभाऊ भांडुपला इलेक्ट्रिकलची कामं घेतो, सोसायट्यांचे पंप पॅनेल बसवणं हा त्याचा रोजचा धंदा. बोर्ड मी करायचे, पॅनेलमध्ये तो बसवायचा. मागणी वाढली तसं त्याने सरळ सांगितलं, "ताई, आता शंभर कर. आणि हाताने नको."

शंभर म्हणजे पीसीबी (कोरा छापील बोर्ड) बनवणारा एक, त्यावर पार्ट बसवणारा दुसरा, आणि माझ्या डोक्यातलं दोघांनाही दिसणार नाही. लिहून न दिलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी आपल्या मनाने ठरवणार. सर्किट तर तयारच होतं. त्यामुळे पुढचं सगळं काम एवढंच होतं की कुणालाही मनाने काही ठरवावं लागू नये.

सुरुवात बीओएमपासून केली, म्हणजे पार्टच्या यादीपासून. "१० मायक्रोफॅरड, १२०६" एवढं लिहिलं की आपल्याला वाटतं झालं. पण त्याच मापात ६.३ व्होल्टचा कपॅसिटर मिळतो आणि २५ व्होल्टचाही. एक्स७आर जातीचा मिळतो आणि वाय५व्ही जातीचासुद्धा. सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता घटते, आणि रेटिंगच्या जवळ नेला तर निम्मीही उरेल याची खात्री नाही. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या अलीकडे माझ्याकडे १२ व्होल्ट आहेत. तिथे खरेदी करणाऱ्याने स्वस्तातला १६ व्होल्टचा वाय५व्ही उचलला तर त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण यादीत तोही बसतो. म्हणून प्रत्येक ओळीत उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर, शेजारी मी स्वतः डेटाशीट बघून पास केलेला एक पर्याय, आणि जिथे पर्याय चालणार नाही तिथे तसं स्पष्ट शब्दांत.

मापांचाही घोळ आहे. आपण ज्याला ०६०३ म्हणतो ते इंचातलं माप, म्हणजे १.६ बाय ०.८ मिमी. मिलिमीटरच्या पद्धतीत त्याच पार्टला १६०८ म्हणतात, आणि त्या पद्धतीतला ०६०३ हा आपल्याकडचा ०२०१, जो ०.६ बाय ०.३ मिमी भरतो. यादीच्या डोक्यावर "सर्व मापं इंच पद्धतीची" अशी एक ओळ टाकली की हा प्रश्न मिटतो. जे पार्ट बोर्डावर जागा असूनही बसवायचे नाहीत, उदाहरणार्थ वायफाय मॉड्यूल, ते यादीतून काढून टाकले नाहीत. "बसवू नये" असा शेरा मारून ठेवले. काढून टाकले असते तर रिकामे पॅड (पार्ट सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा) बघून कुणीतरी फोन केला असता, किंवा फोन न करता काम थांबवलं असतं.

मग त्या यादीला कात्री लावली. पार्ट उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या पिक अँड प्लेस मशीनवर प्रत्येक वेगळ्या पार्टला त्याची टेप पुढे सरकवणारा एक फीडर लागतो, आणि असेंब्लीवाले फीडर लावण्याचे पैसे धरतात. माझ्या सर्किटमध्ये पुल-अपला (पिनला वरच्या व्होल्टेजशी बांधून ठेवणाऱ्या रेझिस्टरला) कुठे ४.७ किलोओहम, कुठे १० किलोओहम होते, तर एलईडीच्या रेझिस्टरचे तीन वेगवेगळे आकडे. हाताशी जो होता तो लावत गेले त्याचा हा परिणाम. सगळे पुल-अप १० वर आणले, सगळे एलईडी १ किलोओहमवर. हिरवा एलईडी थोडा मंद दिसतो, पण पंपरूमच्या अंधारात तेवढा पुरतो. आरएस-४८५ या संदेश नेणाऱ्या जोडणीच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर आणि व्होल्टेज मोजणारे एक टक्क्याचे रेझिस्टर यांना हात लावला नाही.

खरेदी दोन ठिकाणी विभागली. रिले, स्क्रू टर्मिनल, फ्यूज होल्डर, पॉवर सप्लायचं मॉड्यूल हे लॅमिंग्टन रोडवरून. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी ग्रँट रोडला उतरून कुणी त्या नावाने रस्ता विचारताना मी ऐकलेलं नाही. तिथे वस्तू हातात घेऊन बघता येते, टर्मिनलचा स्क्रू फिरवून बघता येतो, आणि हे काम वेबसाइटवरच्या फोटोने होत नाही. मशीनने बसवायचे बारीक पार्ट मात्र डिस्ट्रिब्यूटरकडून, रीलवर किंवा सलग टेपमध्ये. पुडीत सुटे मिळालेले शंभर रेझिस्टर मशीनच्या काही कामाचे नसतात. कापलेली टेप असेल तर फीडरमध्ये ओवायला पुढे मोकळी टेप लागते, आणि सुरुवातीचे काही पार्ट वायाही जातात. रेझिस्टर-कपॅसिटर त्यामुळे सढळ हाताने जास्त मागवले, महागड्या चिप मोजून दोन-चार जास्त.

मायक्रोकंट्रोलर ४८ पायांचा, ओलावा-पातळी ३ चा. म्हणजे सीलबंद पिशवी उघडल्यावर ३० अंशांखाली आणि ६० टक्के आर्द्रतेखाली १६८ तासांत तो सोल्डर वितळवणाऱ्या रीफ्लो ओव्हनमधून गेला पाहिजे. नाहीतर आत शिरलेल्या ओलाव्याची रीफ्लोच्या उष्णतेत वाफ होऊन पॅकेजला आतून तडे जाऊ शकतात. मुंबईत जुलैत ६० टक्के आर्द्रता कुठे मिळणार? पिशवी आधी फोडायचीच नाही, असेंब्लीच्या एसी हॉलमध्येच उघडायची, असं पिशवीवर मार्करने लिहून दिलं. आतलं आर्द्रतेचं कार्ड निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं असेल तर आधी बेकिंग करून वाळवणं.

बोर्डाच्या आखणीत फारसं रंजक काही नाही. दोन थर, १.६ मिमी एफआर-४, ३५ मायक्रॉन तांबं. कारखान्याची क्षमता त्यांच्याकडून लिहून घेतली, ते आकडे कीकॅड या आखणीच्या सॉफ्टवेअरच्या नियमांत भरले आणि डीआरसी (त्या नियमांची तपासणी) स्वच्छ होईपर्यंत ट्रॅक सरकवले. त्यांना जमणारी सगळ्यात बारीक रुंदी वापरायची हौस मला नाही, जिथे जागा आहे तिथे रुंद ट्रॅक आणि मोठं होल. एकाच ठिकाणी टोकाला जावं लागलं. मायक्रोकंट्रोलरच्या पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर, पॅड ०.३ मिमी रुंद, म्हणजे दोन पॅडमध्ये उरतात ०.२. त्यातून दोन्हीकडे सोल्डर मास्कची (बोर्डावरच्या रंगीत संरक्षक थराची) सूट वजा केली की मास्कची पट्टी ०.१ मिमीची उरते. ही पट्टी टिकली नाही तर शेजारचे पाय सोल्डरने जुळतात. भावाला काळा बोर्ड हवा होता, "भारी दिसतो" म्हणून. कारखान्याने सांगितलं, हिरव्या मास्कमध्ये ०.१ देतो, काळ्याला जास्त रुंदी लागेल. पॅनेलचं दार बंद झाल्यावर बोर्डाचा रंग कोण बघतो? हिरवाच ठेवला.

वीजदाबाच्या बाजूला मात्र हात आखडता घेतला नाही. आमचा रिले मोटर चालवत नाही, स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरच्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला फक्त २३० व्होल्ट देतो. पण पंपरूममध्ये ओल, धूळ, कधी मुंग्या आणि पालीसुद्धा. २३० व्होल्टची बाजू आणि मायक्रोकंट्रोलरची बाजू यांत मी साडेसहा मिलिमीटर अंतर ठेवलं आणि रिलेच्या पायांमध्ये बोर्डालाच फट पाडली, म्हणजे पृष्ठभागावरून वीज सरपटायला सरळ वाटच नाही. कॉन्टॅक्टवर आरसी स्नबर. कॉइल बंद होताना उसळणारा दाब तो खातो.

सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावर छापायच्या अक्षरांत, मी मराठी टाकलं. वायरमन पावसात टॉर्च तोंडात धरून काम करतो. त्याला "जे४" पेक्षा "वरची टाकी" वाचता आलेलं बरं. कीकॅडच्या आवृत्ती ७ पासून कॉम्प्युटरवरचे फॉन्ट वापरता येतात, त्यामुळे देवनागरीला आडवाटेने जावं लागलं नाही. पण छपाईत ०.१५ मिमीपेक्षा बारीक रेघ भरवशाची नसते, आणि देवनागरीत मात्रा-वेलांट्या नेमक्या बारीक. जाड फॉन्ट घेतला, अक्षरं मोठी केली, आणि त्यासाठी दोन टर्मिनल लांब सरकवले. पॅडवर आलेली शाई कारखान्यात कापून टाकतात, म्हणून एकही वेलांटी पॅडवर जाणार नाही हे डोळ्यांनी तपासलं.

त्यानंतर बोर्ड कागदावर मूळ मापात छापला. प्रिंटरला "पानात बसव" म्हणू द्यायचं नाही, शंभर टक्केच. पट्टीने मोजून खात्री केली, कागद पुठ्ठ्यावर चिकटवला आणि रिले, टर्मिनल, फ्यूज होल्डर हे सगळे खरे पार्ट त्यात खुपसून भावाच्या हातात दिले. त्याने आधी स्क्रू ड्रायव्हर काढला. "ताई, रिले इतका जवळ आहे की स्क्रू ड्रायव्हर तिरका जातोय. आणि अडीच स्क्वेअरची वायर इथून वळणार कशी?" स्क्रीनवरच्या थ्रीडी चित्रात रिले दिसतो, पण पॅनेलमध्ये शिरणारा हात दिसत नाही. टर्मिनलची अख्खी रांग कडेला आली.

मग गर्बर फाइली, म्हणजे कारखान्याला द्यायचे प्रत्येक थराचे नकाशे, काढल्या. या नावामागे जोसेफ गर्बर नावाचा खराखुरा माणूस आहे. १९२४ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला, नाझींपासून निसटून अमेरिकेत गेलेला आणि तिथे आखणीची यंत्रं बनवणारा. त्याच्या कंपनीच्या, फिल्मवर प्रकाशाने आखणाऱ्या फोटोप्लॉटरसाठी जी भाषा होती तीच पुढे जगभरच्या पीसीबी कारखान्यांची भाषा झाली. त्यातली २०१४ ची एक्स२ आवृत्ती मी वापरते, कारण कुठली फाइल कुठल्या थराची हे त्यात फाइलमध्येच लिहिलेलं असतं. फाइली काढल्यावर त्या ज्या सॉफ्टवेअरने काढल्या त्यात बघून उपयोग नाही, वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडायच्या. होल पॅडच्या मधोमध आहेत का, रिलेखालची फट ड्रिलच्या फाइलमध्ये आली का की फक्त बाह्यरेषेत आहे, हे तिथेच कळतं. सोबत एक साधी मजकूर फाइल: थर, जाडी, तांबं, मास्कचा रंग, शिसेविरहित एचएएसएल (पॅडवरचा सोल्डरचा मुलामा), प्रत्येक बोर्डाची इलेक्ट्रिकल टेस्ट, आणि "काही बदलायचं असल्यास आधी विचारावे".

कारखान्याने खरोखरच विचारलं. फटीच्या आतून तांब्याचा मुलामा हवा का? अजिबात नको, नाहीतर ती पाडलीच कशाला. तारखेचा कोड कुठे छापू? जागा दाखवली. आणि अनेक बोर्ड एकत्र जोडलेल्या पॅनेलमध्ये एखादा बोर्ड खराब निघाला तर त्यावर फुली मारून पॅनेल पाठवलं तर चालेल का? हा प्रश्न दिसतो साधा, पण त्याचं उत्तर पुढे असेंब्लीला भोवतं. फुलीचा बोर्ड मशीनला प्रत्येक वेळी वेगळा दाखवून वगळावा लागतो. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, फुलीचं पॅनेल नको, असं कळवलं. प्रश्न विचारणारा कारखाना मला आवडतो. एकही प्रश्न न येता बोर्ड घरी आले असते तर मला झोप लागली नसती.

पॅनेल मात्र मी एकटीने आखलं नाही. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून एमआयडीसीतल्या असेंब्लीवाल्यांकडे गेले. गाळा छोटा, मशीन एक, पण लाइन सांभाळणारे काका मुरलेले. त्यांनी कागदावर चौकोन काढून सांगितलं: चार बोर्डांचं पॅनेल, कन्व्हेयरला धरायला दोन कडांना पट्ट्या, पट्ट्यांवर तीन फिड्यूशिअल. "चार नका ठेवू मॅडम, तीनच. पॅनेल उलटं घातलं तर मशीनला एका कोपऱ्यात ठिपका सापडत नाही, ती थांबते." फिड्यूशिअल म्हणजे १ मिमीचा तांब्याचा गोल ठिपका, भोवती मास्क नाही. मशीनचा कॅमेरा त्यावरून आपली जागा ओळखतो. बोर्डांमध्ये व्ही-कट ठरला, वरून एक तृतीयांश, खालून एक तृतीयांश, मधला तुकडा धरून ठेवायला. पण टर्मिनल कडेबाहेर दोन मिमी डोकावतात, म्हणून त्या बाजूला व्ही-कट चालणार नव्हता. तिथे मधे फट पाडून बोर्ड जोडून ठेवणारे छोटे टवके सोडले. व्ही-कटजवळचे सिरॅमिक कपॅसिटर मी आधीच आत घेतले होते. जे घेता येत नव्हते ते कटाला समांतर वळवले. बोर्ड मोडताना कटाला आडवा असलेला कपॅसिटर आतून तडकतो आणि वरून काही दिसत नाही. असे बोर्ड महिन्यांनी परत येतात.

मशीनला दुसरी फाइल लागते ती प्रत्येक पार्टच्या जागेची: एक्स, वाय, कोन आणि बाजू. एक्स-वाय सहसा बिनबोभाट जुळतं, खरं दुखणं कोनाचं. कुठल्या लायब्ररीत पिन १ वर-डावीकडे असताना शून्य अंश, कुठल्यात खाली-डावीकडे, आणि टेपमध्ये चिप तिसऱ्याच दिशेला झोपलेली. म्हणून फाइलवर विसंबून न राहता मी एक चित्र दिलं: प्रत्येक आयसीची पिन १, प्रत्येक डायोडचा कॅथोड, प्रत्येक एलईडीची दिशा, मोठ्या अक्षरांत. एलईडीचं तर डेटाशीटमधलं पानच चिकटवलं, कारण त्याच्या पोटाखालची हिरवी खूण एका कंपनीत कॅथोड सांगते, दुसरीत भलतंच काही.

माल पोचवताना सोबत डिलिव्हरी चलान, प्रत्येक पिशवीवर बीओएममधला अनुक्रमांक. पहिल्या बोर्डाला सोल्डरची पेस्ट लावलीच नाही. काकांनी कोऱ्या बोर्डावर दुहेरी चिकटपट्टी ताणून बसवली आणि मशीनला सगळे पार्ट त्यावर ठेवायला लावले. मग तो बोर्ड दिव्याच्या भिंगाखाली धरून आम्ही दोघं चित्राशी ताडत बसलो. आरएस-४८५ ची आठ पायांची चिप पॅडवर अगदी चोख बसलेली. काकांनी बोर्ड थोडा तिरका केला तसा चिपच्या कोपऱ्यातला बारीक खळगा उजेडात आला, तो उजवीकडे खाली. चित्रात वर डावीकडे. १८० अंश. पेस्ट असती तर शंभर बोर्डांवर शंभर चिपा उलट्या शिजल्या असत्या. "हीच नेहमी फिरते," म्हणत काकांनी प्रोग्राममध्ये कोन बदलला आणि पट्टी उपसून पुन्हा ठेवून बघितलं.

पेस्ट फ्रिजमध्ये असते आणि डबा उघडण्याआधी काही तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणतात. थंड डबा मुंबईच्या हवेत उघडला तर पेस्टवर दव धरतं आणि ओव्हनमध्ये ती तडतडते. पेस्ट ज्यातून लावतात ती स्टेन्सिल ०.१२ मिमी जाड पोलादाची, लेसरने कापलेली. रेग्युलेटरच्या पोटाखालच्या मोठ्या पॅडसाठी मी एकच मोठी खिडकी न देता चार छोट्या दिल्या होत्या. पेस्ट जास्त झाली तर चिप तिच्यावर तरंगते आणि कडेचे पाय टेकत नाहीत. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतो, शिशाचा १८३ ला. त्यामुळे ओव्हन २४५ पर्यंत न्यावा लागतो. एका बोर्डावर तापमान मोजायला थर्मोकपल चिकटवून तो ओव्हनमधून काढला आणि आलेख बघून मगच बाकीची पॅनेलं सोडली.

रिले आणि टर्मिनल हाताने. टेबलाशी बसलेल्या ताईंनी दोन बोर्ड केल्यावर मला हाक मारली. "मॅडम, हा पाय लवकर धरतो, आणि हा धरतच नाही." न धरणारा पाय २३० व्होल्टच्या जाड तांब्याला थेट जोडलेला, तांबं सगळी उष्णता ओढून घेत होतं. करंटसाठी ती जोडणी मी मुद्दाम पूर्ण ठेवली होती, पण कॉइलला लागणारा करंट किरकोळ, तांब्याच्या चार बारीक काड्यांनी जोडलं तरी भागलं असतं. ताईंनी त्या पायांना जाड टोकाचा बिट लावला आणि काम पुढे सरकलं. पंपरूमच्या ओलीसाठी वरून ॲक्रिलिक कोटिंग. ते टर्मिनल, प्रोग्रामिंगचे पॅड आणि बटण यांवर जाऊ नये म्हणून तेवढ्या जागा रंगवून वेगळं चित्र दिलं होतं.

तपासणीचा जिग मी घरी केला. बोर्डाच्या मागच्या बाजूला १ मिमीचे टेस्ट पॉइंट आधीपासून ठेवले होते, ॲक्रिलिकच्या तुकड्यात त्याच जागी स्प्रिंगवरच्या पोगो पिन. बोर्ड दाबला की प्रोग्राम जातो, व्होल्टेज मोजली जातात, रिले वाजतो, आरएस-४८५ वर एक संदेश जाऊन परत येतो. कोटिंगच्या आधी सगळे बोर्ड यातून काढले. एका बोर्डावर मायक्रोकंट्रोलरचे दोन पाय जुळले होते, तो जागच्या जागी सुधारला.

पुढच्या लॉटसाठी आवृत्ती बी तयार आहे. रिलेच्या त्या पायांना थर्मल रिलीफ (त्याच चार काड्यांची जोडणी) दिला, आरएस-४८५ चा कोन लायब्ररीतच दुरुस्त केला, आणि भावाच्या सांगण्यावरून फ्यूजच्या शेजारी त्याचा ॲम्पिअरचा आकडा छापला. वरच्या बाजूचा एकही पेस्टचा पॅड हलवला नाही, त्यामुळे स्टेन्सिल तीच चालेल.